रंग बटणात हवा, पेटीत नको

माझं पोटापाण्याचं काम प्रेशर गेज तपासण्याचं. भोसरीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये डेडवेट टेस्टरसमोर, म्हणजे वजनं ठेवून नेमका दाब देणाऱ्या यंत्रासमोर, माझा दिवस जातो. गेज चांगला की वाईट हे मी ठरवत नाही. १० बारला तो ०.०५ जास्त दाखवतो, २० बारला ०.०८ जास्त, एवढं मी प्रमाणपत्रावर लिहून देते. चूक माहीत असेल आणि उद्याही तेवढीच राहणार असेल, तर कारखान्याला तो गेज बिनधास्त वापरता येतो. चूक रोज बदलत असेल तर मात्र तो भंगारात. आणि हे सगळं सांगायला माझ्यासमोर आधी एक प्रमाण लागतं, तपासायच्या गेजपेक्षा निदान चौपट अचूक. त्या प्रमाणाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत गेलेली असते.

घरी आल्यावर मी गाणं ऐकते. बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत, रविवारी जुन्या तबकड्या. ऐकायच्या यंत्रणेबद्दल शौकिनांत एक जुना वाद आहे: यंत्र अचूक हवं की आवाजाला आपला रंग लावून कानाला गोड लागणारं? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण आमच्या धंद्यात जो प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला जातो, तो तिथे सहसा कुणी विचारत नाही. अचूक, ते कशाच्या तुलनेत?

भीमसेनजींची सवाईतली एखादी मैफल घ्या. रमणबागेच्या मांडवात ज्यांनी ती ऐकली त्यांनी ध्वनिक्षेपकांतून ऐकली. पुढच्या गादीवरच्या माणसाने ऐकलेला आवाज वेगळा, मागे खुर्चीत बसलेल्याचा वेगळा, आणि गुरुजींच्या पाठीशी तानपुरा धरून बसलेल्या शिष्याचा आणखी वेगळा. टेपवर गेला तो चौथाच, कारण माइक तोंडापासून वीतभर अंतरावर होता आणि तिथे कान ठेवून कुठलाच श्रोता बसत नाही. यातला मूळ आवाज कुठला म्हणायचा?

स्टुडिओतही तीच गत. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हर्मन कंपनीत ज्यांनी स्पीकरच्या अभ्यासात हयात घालवली, ते फ्लॉइड टूल याला गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. स्पीकर चांगला आहे की नाही हे आपण रेकॉर्ड लावून ठरवतो, आणि ती रेकॉर्ड चांगली झाली की नाही हे ती बनवणाऱ्याने आपल्या स्पीकरवर ऐकून ठरवलेलं असतं. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या पडद्याचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी निघाला आणि जाऊन बसला जगभरच्या स्टुडिओंत, मिक्सिंगच्या टेबलावर. तो मधले स्वर पुढे काढायचा आणि वरचे टोचायचे, इतके की कित्येक इंजिनिअर ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या तोंडावर, टिश्यू पेपर लावून काम करत. त्या टिश्यूमधून ऐकून ज्यांच्या सुरांचा तोल ठरला, अशा रेकॉर्डी आज आपण 'जशाच्या तशा' ऐकायला निघतो. प्रमाणच जिथे हरवलंय तिथे शंभर टक्के अचूकतेचा दावा मला पटत नाही.

म्हणून अचूकतेला अर्थच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, कुठला वाजतोय हे कळू न देता, लोकांना गुण द्यायला लावले. बहुतेकांनी वरचे गुण दिले ते समोरून सपाट (म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे सूर सारख्याच जोराने) आणि बाजूंनाही गुळगुळीत वाजणाऱ्या स्पीकरना. तयार कानाच्या लोकांनी आणि साध्या श्रोत्यांनी, दोघांनीही बहुतांशी तेच निवडले. नाव आणि किंमत दिसेनाशी झाली की माणसाला रंग न लावणारा स्पीकरच आवडतो. ज्यांना वाटतं की अचूक म्हणजे रुक्ष आणि दवाखान्यासारखं, त्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

आता व्हॉल्व्हची गोष्ट, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीपासूनच्या त्या काचेच्या नळीची. माझे दीर औंधला राहतात. त्यांच्याकडे ३०० बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड ॲम्प्लिफायर आहे, जेमतेम ८ वॅटचा आणि उचलायला दोन माणसं लागतील असा. दिवाळीच्या सुट्टीत तो गाडीत घालून त्यांनी आमच्या चिंचवडच्या घरी आणला. किशोरीताईंचा भूप लावला. आवाजाला खरोखरच अंग आलं. तानपुरा खोलीभर पसरला, आणि आम्ही सगळे काही वेळ बोललोच नाही.

"बघा वहिनी," भाऊजी म्हणाले, "आता तुमचं मीटर काय म्हणतं?"

"मीटर अजून लावलंच नाही, भाऊजी. आधी आवाज सारखा करू."

हे सारखं करणं फार महत्त्वाचं. दोन यंत्रांत पाव-अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर मोठं वाजणारं यंत्र कानाला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. दुकानात याचा फायदा रोज घेतला जातो. मी १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही ॲम्पचा व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणला. मग खालपासून वरपर्यंत सूर फिरवून पाहिला. माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पची रेघ सपाट. भाऊजींच्या ॲम्पची रेघ मात्र दोन ठिकाणी टेकाडासारखी उचललेली, एकदा खालच्या सुरांत आणि एकदा वूफरकडून (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या तोंडाकडून) ट्वीटरकडे आवाज जातो त्या टापूत. चढ-उतार दोन-अडीच डेसिबलचा.

याचं कारण व्हॉल्व्हच्या जादूत नाही, ओहमच्या नियमात आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो कुठल्या सुराला ५ ओहम असतो तर कुठल्या सुराला ३०. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा आतला अवरोध इतका कमी की त्याला या चढ-उताराचं काही वाटत नाही. आपली चूक आपणच सुधारण्याची फीडबॅकची सोय नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आतला अवरोध दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे जिथे स्पीकरचा अवरोध वाढतो तिथे त्याचा व्होल्टेजही वाढतो. म्हणजे तो ॲम्प आपोआप एक टोन कंट्रोल होऊन बसतो, आणि टोन कसा पडेल हे ठरवतो तुमचा स्पीकर. स्पीकर बदलला की रंग बदलला.

मी तीच टेकाडं माझ्या प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे हव्या त्या टापूतले सूर कमी-जास्त करायच्या सोयीत, काढली आणि तोच भूप माझ्या ॲम्पवर लावला. अंग आलं. तानपुरा पसरला. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "जवळ आलात, पण ती गोलाई नाही." असेलही. डोळ्यांसमोर ॲम्प असताना दिलेल्या मताला माझ्या लॅबमध्ये कुणी सही करणार नाही, पण मी ते फेकूनही देत नाही, कारण व्हॉल्व्ह आणखी एक गोष्ट खरंच करतो.

तो स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर थोडासा मिसळतो. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर षड्ज लावला की त्याच्या मागे तार षड्जाची बारीक सावली येते. तिप्पट मिसळलं तर तार सप्तकातला पंचम, पाचपट मिसळलं तर त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. हे स्वर रागाला परके वाटत नाहीत, कारण तानपुऱ्यात ते असतातच. जुळलेल्या तानपुऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात तो हाच. एकट्या स्वरापुरतं हे फार छान. पण दोन स्वर एकदम आले की असं यंत्र त्यांची बेरीज-वजाबाकीही मांडतं. षड्ज-पंचमाचं नातं २:३. बेरीज ५, म्हणजे पुन्हा गंधार. वजाबाकी १, म्हणजे खालचा षड्ज. अजूनही सगळं घरातलंच. तोडीत मात्र कोमल ऋषभावर गायिका उभी आहे, पेटीवर तीव्र मध्यम रेंगाळलाय आणि खाली तानपुरा चालू आहे. तिथे बेरीज-वजाबाकीचे स्वर कुठल्याच श्रुतीवर बसत नाहीत, आणि सगळ्यावर एक गढूळपणा येतो. ८ वॅटचा ॲम्प दमायला लागला की हा गढूळपणा वाढतो. एकटा आवाज आणि तानपुरा असलेल्या रेकॉर्डवर व्हॉल्व्ह मोहून टाकतो आणि भरलेल्या द्रुत लयीत तोच ॲम्प कोंदट होतो, त्याचं कारण हे.

इथे मला जवारीबद्दल, म्हणजे घोडीच्या घडणीमुळे तानपुऱ्याला येणाऱ्या झणकाराबद्दल, बोलायलाच हवं, कारण या वादात तिचा दाखला नेहमी उलटा दिला जातो. "तानपुऱ्याची जवारी म्हणजेसुद्धा मुद्दाम आणलेली विकृतीच ना?" असं भाऊजी म्हणतात. शास्त्राच्या अंगाने त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तानपुऱ्यात आणि वीणेत ते जोरकसपणे उमटतात हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं, आणि त्याचं श्रेय घोडीच्या किंचित गोलसर पाठीला दिलं. तार त्या पाठीला घासत, सुटत कंप पावते. माझा तानपुरा मिरजेचा आहे. जवारी काढताना कारागीर कानशीने घोडी घासतो, तार ओढून बघतो, पुन्हा दोन हात मारतो, मग तारेखालचा सुताचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवतो. त्या कामाला मीटर लागत नाही आणि लागूही नये.

पण ती जवारी कुणाची? गाणाऱ्याची आणि कारागिराची. खुली हवी की बंद, बाईच्या पट्टीला कशी, पुरुषाच्या पट्टीला कशी, हे त्यांनी ठरवलेलं असतं. मी घरात बसून ऐकते तेव्हा मला ती जवारी हवी आहे. माझ्या स्पीकरने प्रत्येक रेकॉर्डवर आपली दुसरी जवारी काढलेली मला नको आहे, कारण मग मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांचा तानपुरा आणि कुमार गंधर्वांचा तानपुरा सारखेच वाजायला लागतात. कुमारजी तानपुरे जुळवण्यात किती जीव ओतत हे जाणत्यांना सांगायला नको. तो फरक घरात पोचला नाही तर माझ्यासाठी आनंदच कमी झाला. गोडवा लावणाऱ्या यंत्राशी माझं भांडण आहे ते एवढ्यासाठीच.

आणि खोली! ॲम्पमधल्या ०.०१ टक्के विकृतीवर रात्र जागवणारे लोक खोलीकडे बघतही नाहीत. आमचा हॉल १२ फूट बाय १० फूट, छतही जवळजवळ १० फुटांवर. १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आवाज घुमतो आणि त्याच्या दुपटीला, ९४ लाही. १० फुटांच्या दिशेने ५६ आणि ११२. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ते दोन घुमारे एकमेकांवर चढतात. डग्ग्याचा घुमार साधारण शंभर हर्ट्झच्या आगेमागे खेळतो. तबलजी मनगटाने घिस्सा देतो तेव्हा स्वर सलग घसरत जायला हवा. आमच्या हॉलमध्ये तो एका ठिकाणी फुगायचा, मग दबायचा, मग पुन्हा फुगायचा. तबलजीच्या हाताची सफाई भिंतींनी खाल्ली होती. मोजायचा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं तर खालच्या सुरांत दहा-बारा डेसिबलचे डोंगर-दऱ्या होत्या. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला, कोपऱ्यात रॉकवूल भरलेले खांब उभे केले, उरलेले दोन डोंगर इक्वलायझरने कापले. डग्गा सरळ झाला. हे अचूकतेचं काम आणि हेच आनंदाचं काम, दोन्ही एकाच दुपारी झालं.

वरच्या सुरांना मात्र मी हात लावत नाही. मोजायला लागलेली नवी मंडळी खुर्चीवर माइक ठेवून अख्खी रेघ सपाट करतात आणि मग आवाज टोचतो म्हणून मोजमापाला नावं ठेवतात. खोलीत खालचे सूर चहूकडे पसरून साचतात, वरचे पडदे-गाद्या पिऊन टाकतात. त्यामुळे चांगल्या सपाट स्पीकरची खोलीतली रेघ डावीकडून उजवीकडे, म्हणजे खालच्या सुरांकडून वरच्यांकडे, हलक्या उताराचीच यायला हवी. माइक सगळी बेरीज एकाच मापाने मोजतो, कान थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज वेगळे ओळखतो.

मग रंगाचं काय? रंग मला हवा आहे, आणि बऱ्याचदा हवा आहे. पण तो बटणात हवा, म्हणजे लागेल तेव्हा लावता येईल, किती लावला ते कळेल आणि शून्यावर परत येता येईल. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांचं ब्रीद होतं मूळ आवाजाच्या जास्तीत जास्त जवळ जाण्याचं. १९५७ मध्ये बाजारात आलेला त्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही लोक दुरुस्त करून वापरतात. एवढ्या काटेकोर माणसाच्या प्रीॲम्पवर, म्हणजे ॲम्पच्या आधीच्या बटणांच्या खोक्यावर, काय होतं? क्वाड ३३ वर बास, ट्रेबल आणि वर ५, ७ आणि १० किलोहर्ट्झचे फिल्टर, त्यांचा उतारसुद्धा कमी-जास्त करता येणारा. पुढच्या क्वाड ३४ वर टिल्ट नावाचं बटण: ते फिरवलं की अख्खी रेघ मधल्या बिंदूवर तोलून एका बाजूला थोडी वर, दुसऱ्या बाजूला थोडी खाली. वॉकरना ठाऊक होतं की यंत्र कितीही खरं केलं तरी रेकॉर्ड खरी असेलच असं नाही. नंतरच्या काळात महागड्या ॲम्पवरून ही बटणं काढून टाकण्याची फॅशन आली. पन्नास हजारांच्या ॲम्पला बास-ट्रेबल आणि पाच लाखांच्या ॲम्पला फक्त आवाजाची मूठ. बटण काढलं म्हणजे शुद्धता आली, ही समजूत मला घातक वाटते. कारण मग रेकॉर्डचा दोष काढायला लोक केबल बदलतात, व्हॉल्व्ह बदलतात, शेवटी स्पीकर बदलतात, आणि एका रेकॉर्डसाठी केलेला बदल बाकीच्या सगळ्या रेकॉर्डींच्या बोकांडी बसतो.

माझी बटणं कशी फिरतात ते सांगते. केसरबाईंच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना ६ किलोहर्ट्झच्या वर उतार. तिथे गाणं जवळजवळ नसतंच, असते ती सुईची खरखर. पण उतार हलका. याच तबकड्यांच्या काही सीड्या निघाल्या आहेत त्यांत खरखर इतकी खरवडून काढली आहे की श्वास गेला, 'स'ची धार गेली, तानपुऱ्याची जवारी गेली. खरखर कानाने बाजूला सारता येते, गेलेली जवारी परत आणता येत नाही. सुरुवातीच्या काळातल्या ज्या सीड्यांत व्हायोलिन आणि सारंगी खरबरीत लागते, त्यांना वरून दीड डेसिबल कमी. तबल्याचा माइक नको तितका उघडा ठेवलेल्या मैफलींना चाटेच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलांच्या टापूत, ३ किलोहर्ट्झच्या आसपास, दोन डेसिबलची खाच.

आणि रात्रीचं एक बटण. साडेदहानंतर शेजाऱ्यांच्या भिंतीचा विचार करून आवाज लहान ठेवावा लागतो. लहान आवाजात कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल लॅबमध्ये १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. सपाट यंत्र रात्री लहान आवाजात लावलं तर खर्जाची तार आणि डग्गा दोन्ही विरून जातात, उरतो गळा आणि चाट. दरबारी अशी ऐकणं म्हणजे दरबारी न ऐकणं. जुन्या टू-इन-वनवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ते याचसाठी. शुद्धतेच्या नावाखाली ते बऱ्याच यंत्रांवरून गेलं, मी ते प्लेअरमध्ये पुन्हा बसवलंय: लहान आवाजात १०० हर्ट्झच्या खाली ६ डेसिबल वाढ. मीटरवर ही रेघ वाकडी आहे. माझ्या कानात पोचणारी दरबारी मात्र त्या वाकडेपणामुळेच सरळ होते.

कान म्हटल्यावर नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे, वय ८२. तरुणपणी गिरगावात रात्र-रात्र बैठका ऐकलेला माणूस. अलीकडे त्यांना सगळं गाणं "घोंगडीतून आल्यासारखं" वाटतं. वयाने वरचे सूर जातात, ते त्यांचेही गेलेत. घरात सर्वांत नेमकं वाजणारं यंत्र नानांच्या कानापर्यंत नेमकं पोचत नाही. मी त्यांच्यासाठी प्लेअरमध्ये 'नाना' नावाचा वेगळा प्रीसेट केला: २ किलोहर्ट्झपासून हळूहळू चढत ६ किलोहर्ट्झला ८ डेसिबल जास्त. ते एकटे ऐकतात तेव्हा तो लावायचा. मला तो सहन होत नाही. नानांनी पहिल्यांदा ऐकून विचारलं, "सुनबाई, हा तानपुरा आधी पण होता का गं यात?" दोन दिवसांनी तक्रार आली की 'श' आणि 'स' फार टोचतात. ८ चे ५ केले. आता ठीक म्हणतात, पण जोरात तान आली की डावीकडून जास्त येतंय असंही म्हणतात.

तेव्हा पुढच्या आठवड्यात त्यांना ऑडिओग्राम काढायला नेणार आहे. दोन्ही कानांचे आलेख हातात आले की प्रीसेट अंदाजाने न ठेवता त्यावरून बसवता येईल, डाव्या-उजव्याला वेगवेगळा. निदान बॅलन्सचं बटण तरी लागणारच. ते माझ्या ॲम्पला आहे, भाऊजींच्या ॲम्पला नाही. नानांना महिनाभर औंधला राहायला यायचं निमंत्रण आहे, त्यामुळे भाऊजींना एक छोटा इक्वलायझर घ्यायला सांगितलंय.